पाव फेरीची चावी

भर मे महिन्यातही नेरळजवळ उल्हास नदीला पाणी असतं, आणि त्याचं आपल्याला काही वाटत नाही. पण हे पाणी मुळात आपल्या बाजूचं नाही. 1922 मध्ये टाटांचं भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचं, एरवी पूर्वेला भीमेच्या खोऱ्यात गेलं असतं ते पाणी पाइपांतून खाली आणून, त्यावर टर्बाइन फिरवून कर्जतच्या बाजूला सोडायला सुरुवात झाली. खोपोलीचं वीजघर त्याहून जुनं, 1915 चं. म्हणजे आमच्या भागात उन्हाळ्यात पाणी किती वाहणार हे गेली शंभर वर्षं कुणीतरी चावी फिरवून ठरवतंय. घाटावर त्याची किंमत मोजली गेलीच. टाटांच्याच मुळशी धरणात जमिनी जाणार म्हणून 1921 मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्याचं नेतृत्व करणारे सेनापती बापट तुम्हाला निदान रस्त्याच्या नावावरून माहीत असतील.

तेव्हा अशी चावी वीजकंपनीच्या हातात होती. आता ती नेरळ-कर्जत पट्ट्यातल्या प्रत्येक फार्महाऊसच्या पंपरूममध्ये आहे. स्विमिंग पूलच्या स्किमरची एक लाइन, तळाच्या ड्रेनची एक, व्हॅक्यूमची एक, आणि प्रत्येकीवर प्लास्टिकचा बॉल व्हॉल्व्ह. मी इंजिनिअरिंग शिकलो आणि कोड लिहायला लागलो, त्यामुळे मला ही वस्तू भारी आवडते. हँडल पाइपच्या रेषेत असेल तर चालू, आडवं असेल तर बंद. ट्रू किंवा फॉल्स, लांबूनही दिसतं. जुन्या गेट व्हॉल्व्हचं चाक कितीही बघा, आत काय चाललंय ते कळत नाही.

आत एक भोक पाडलेला गोळा असतो. कल्पना जुनीच, पण गोळा घट्ट बसायला हवा आणि सहज फिरायलाही हवा, हे बराच काळ जमत नव्हतं. 6 एप्रिल 1938 रोजी अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला, तर गॅस बाहेरच येईना. वजन मात्र भरलेल्या सिलिंडरचं. शेवटी तो कापला, तेव्हा आत पांढरी, मेणचट भुकटी निघाली. तीच टेफ्लॉन! म्हणजे न चाललेल्या व्हॉल्व्हमधून पुढच्या व्हॉल्व्हचा माल सापडला. युद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पातल्या सीलसाठी ते वापरलं गेलं, आणि 1950 च्या दशकात गोळ्याच्या दोन्ही बाजूंच्या बैठका त्याच्या व्हायला लागल्या. कडक पीव्हीसीचे पाइप 1930 च्या दशकातच जर्मनीत तयार होत होते. दोन्ही एकत्र आले आणि क्लोरीनच्या पाण्यात न गंजणारी, पाव फेरीत बंद होणारी स्वस्त चावी मिळाली.

स्वस्त, म्हणून बसवणारेही घाई करतात. व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंना युनियन असलेलाच घ्या, नाहीतर सील गेलं की पाइप कापावा लागतो. सोल्युशन लावताना ते गोळ्यापर्यंत वाहू देऊ नका, एकदा चिकटला की संपलं. युनियन हातानेच आवळायची, पाना लावला की तडा जातो. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, पेट्रोलियम जेली नको, त्याने रबर फुगतं. पंप चालू असताना हँडल झटकन आडवं करू नका. वाहतं पाणी एकदम अडलं की पाइपला हातोडा बसल्यासारखा दणका बसतो. वीजघरातल्या मोठ्या पाइपांनाही हाच धोका, म्हणून तिथे पाणी सावकाश बंद करतात. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक हँडल फिरवा. वर्षभर न हललेला गोळा जाम होतो, मग जोर लावला की दांडीच तुटते.

आता हिशेब. 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद, दीड मीटर खोल पूलमध्ये 75,000 लिटर पाणी मावतं. युनियनमधून मिनिटाला एक लिटर गळलं तर दिवसाला 1,440 लिटर, म्हणजे वीस लिटरचे बहात्तर हंडे. मालक फक्त शनिवार-रविवारी येतो. पाण्याची पातळी खाली दिसली की बोअर चालू होते किंवा टँकर येतो. तोच टँकर उन्हाळ्यात डोंगराकडच्या वाड्यांनाही हवा असतो. पंपरूममध्ये ओल दिसते ती बहुतेकदा आधी तिथल्या वॉचमनला, आणि अनेक बंगल्यांत तो त्याच वाडीतला असतो. ओ-रिंग वडापावच्या पैशांत येते, पण ती आणायला मालकाला फोन करून विचारावं लागतं.