कवेलू, टिना आणि चोवीस नंबर

मंडळी, या विकांताचा विषय जरा वेगळा. छप्पर! पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना छप्पर विकत घ्यावं लागत नाही, ते बिल्डर घेतो आणि आपण फक्त हप्ते भरतो. पण गावी ज्यांचं घर आहे त्यांना आज ना उद्या फोन येतोच, "अरे, घरावर पत्रे टाकायचे म्हणतो, तू इंजिनिअर ना? सांग कोणते घेऊ." (कॉम्प्युटर इंजिनिअर असं सांगून सुटका होत नाही. गावाकडे इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर.)

आमचं गाव अल्लीपूर, जिल्हा वर्धा, तालुका हिंगणघाट. तिथल्या कोणत्याही उंच गच्चीवर चढून चारी बाजूंना पाहिलंत तर छपरांचे थर दिसतात. कुठे नळीची कवेलू, कुठे गंजून लाल झालेली टिना, मध्येच इंग्रजी कवेलू (म्हणजे मंगलोरी कौलं, आमच्याकडे ती अजूनही इंग्रजीच आहेत), करडे सिमेंटचे पत्रे, निळे-लाल कलर पत्रे आणि उरलेला सगळा स्लॅब. यातलं प्रत्येक छप्पर कुणीतरी तेव्हाच्या हिशोबानं शहाणपणानंच घेतलेलं आहे. तरी बऱ्याच घरांत पुढच्या पिढीनं ते काढून टाकलं. का, ते शोधताना मी भलताच मागे गेलो.

सुरुवात कवेलूपासून. कुंभार चाकावर मातीची नळी काढायचा, ओली असतानाच ती उभी चिरून तिच्या दोन पन्हाळ्या करायचा आणि भट्टीत भाजायचा. एक थर उताणा, त्यावर दुसरा पालथा. खाली बांबू, फाटे आणि सागाच्या बल्ल्या. ना खिळा, ना स्क्रू. दोन थरांमध्ये हवा अडकते, फटींतून गरम हवा निघून जाते. वर्ध्याचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना याची किंमत सांगायला नको. पारा ४५ च्या वर जाणं ही तिथे बातमीसुद्धा होत नाही.

याच जिल्ह्यात या छपराला जगभर ओळख मिळाली. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी सेगावला राहायला आले. (गावाचं सेवाग्राम हे नाव १९४० मधलं.) तिथलं आदी निवास आणि नंतरची बापू कुटी मातीच्या भिंतींची, बांबू-लाकडाची, वर गावठी कवेलू. साहित्य जवळपासचं आणि कारागीर गावातले, अशी अटच होती. जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच तिथे आला, त्या कुटीत बसला आणि तिच्यावर एक भाषण देऊन गेला. ते आजही वाचलं जातं.

मग लोकांनी कवेलू सोडली का? "लोकांना किंमत कळली नाही" हे उत्तर मला पटत नाही. काकांना विचारलं तर त्यांचं उत्तर दोन शब्दांचं होतं, "वानरं, बाबू!" विदर्भात वानरांचा कळप एकदा छपरावरून गेला की त्या वर्षीचं कवेलू फेरणं परत करावं लागतं. आणि फेरणं म्हणजे दर उन्हाळ्यात सगळं छप्पर उतरवून, फुटकी काढून, नवी घालून परत रचणं. त्यासाठी कुंभार हवा, फेरणारा माणूस हवा, लाकूड हवं. ब्रिटिशांनी १८७८ चा जंगल कायदा केल्यानंतर बल्ली आणणं पूर्वीसारखं सोपं राहिलं नाही आणि पुढे सागाचे भाव कुठे गेले ते आपण जाणतोच. म्हणजे कवेलू स्वस्त, पण तिच्या खालचा सांगाडा महाग. छप्पर घेताना लोक वरच्या वस्तूचा भाव विचारतात आणि खालच्याचा विसरतात, ही चूक तेव्हापासूनची. आजही पत्र्याचा दर स्क्वेअर फुटावर पाठ असतो आणि खालच्या लोखंडी पाइपांचं वजन कुणी काढलेलं नसतं.

यावर एक उत्तर वर्ध्यातच शोधलं गेलं होतं, आणि मला ते फार आवडतं. देवेंद्रकुमार यांनी १९७० च्या दशकात तिथे ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र उभं केलं. त्यांनी शंकूच्या आकाराची कवेलू वापरली. एकात एक चहाचे पेले अडकवावेत तशी ती अडकवत जायची, त्यांची कमान होते, आणि अशा कमानी शेजारी शेजारी ठेवल्या की छप्पर तयार. लाकूड जवळजवळ नाहीच, आणि कुंभाराचं चाकही चालू राहतं. कल्पना सुंदर आहे. पण कमान बांधणारा गवंडी हवा आणि मालकाचा धीर हवा, त्यामुळे गावोगाव काही ती पोचली नाही.

आता टिना. १८२९ साली लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर या इंजिनिअरनं नालीदार लोखंडी पत्र्याचं पेटंट घेतलं. कागद सपाट धरला तर वाकतो, पंख्यासारख्या घड्या घातल्या तर वजन पेलतो, एवढंच यामागचं गणित. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेलनं जस्ताचा मुलामा देण्याचं पेटंट घेतलं आणि गंजाचा प्रश्न पुढे ढकलला गेला. (सुटला नाही हं, पुढे ढकलला.) १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली, १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशापर्यंत फाटा गेला. हिंगणघाटचा कापूस आधीच नावाजलेला, त्यामुळे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, आणि असल्या लांबरुंद शेडवर नालीदार पत्र्याइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं. कारखान्याच्या शेडवरून पत्रा मग घरावर आला.

आणि त्याच्याबरोबर आला 'नंबर'. आजही दुकानात गेलात की ऐकू येतं, "चोवीस नंबरचा आहे साहेब, डोळे मिटून घ्या." डोळे मुळीच मिटू नका! हा गेज नंबर मूळचा तार ओढणाऱ्या कारागिरांचा. तार साच्याच्या भोकातून जितक्या वेळा ओढली तितका तिचा नंबर, म्हणून नंबर मोठा तितकी तार बारीक. प्रत्येक कारखान्याचं कोष्टक वेगळं. शेवटी वैतागून ब्रिटिशांनी १८८४ पासून एक स्टँडर्ड वायर गेज कायद्यानं लागू केलं, पण अमेरिकेनं पत्र्यासाठी आपलं वेगळं ठेवलं. परिणाम काय? ब्रिटिश कोष्टकात २४ म्हणजे साधारण ०.५६ मिमी, अमेरिकन गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या कोष्टकात २४ म्हणजे ०.७० मिमी. पाव भागाचा फरक, आणि दोन्ही दुकानदार खरंच बोलतायत! आपल्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबलचं नाव तेच, एकक वेगळं. असले बग आपण ऑफिसात रोज पाहतो. तेव्हा नंबर सोडा, मिलिमीटर विचारा, आणि शक्य असेल तर मायक्रोमीटर लावून मोजा. बऱ्याच हार्डवेअरच्या दुकानांत तो असतो, फक्त मागावा लागतो.

मिलिमीटरमध्येही गंमत आहेच. कलर पत्र्यावर लिहिलेली जाडी रंग आणि मुलामा धरून आहे की नुसत्या पोलादाची, हे वेगळं विचारावं लागतं. भार पेलतं ते पोलाद, रंग नव्हे. मुलामा ग्रॅममध्ये सांगतात, एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून. १२० ग्रॅम जस्त म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण ८ मायक्रॉन, २७५ ग्रॅम म्हणजे १९ मायक्रॉन. जस्त हळूहळू झिजून संपतं आणि मग लोखंडाची पाळी येते, म्हणजे हा आकडा म्हणजे पत्र्याचं आयुष्यच. १९७२ पासून बाजारात आलेल्या अॅल्युमिनियम-जस्ताच्या मुलाम्यात ५५ टक्के अॅल्युमिनियम असतं. तो टिकाऊ आहे, पण ओल्या सिमेंटच्या गिलाव्याशी त्याचं पटत नाही. भिंतीत पत्रा गाडून टाकणारे मिस्त्री इथे घात करतात.

पण टिनाबाबत सगळ्यात जास्त नुकसान ज्यानं होतं ते म्हणजे वारा. मंगलोरी कौलांचं छप्पर चौरस मीटरला जवळपास ४० किलो भरतं, गावठी कवेलूचं दुहेरी छप्पर त्याहूनही जड. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा? चार किलो. भारतीय मानकात नागपूरसाठी धरलेला मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. वेगाचा वर्ग करून ०.६ नं गुणा, चौरस मीटरला साधारण ११६० न्यूटन येतात, म्हणजे ११८ किलोंच्या आसपास. छपराच्या उतारावर आणि कडांना हा दाब बऱ्याचदा वर ओढणारा असतो. कवेलूच्या फटींतून हवा निघून जाते म्हणून आतला-बाहेरचा दाब थोडाफार सारखा राहतो, पत्र्याला ती सोय नाही. आता विदर्भातल्या टिनांवर जागोजागी ठेवलेले दगड आठवा. जी वस्तू कवेलू आपल्या वजनानं निभावून नेत होती, तिच्यासाठी आपण चार दगड ठेवतो, आणि रोहिणीच्या वादळात पत्र्याबरोबर तो दगडही उडतो. दरवर्षी यात माणसं आणि गुरं जखमी होतात. पत्र्यावर हजारो रुपये घालणारा माणूस स्क्रू आणि रबरी वायसरवर मात्र घासाघीस करतो, हे मला कधीच कळलेलं नाही. कडेच्या ओळींना स्क्रू दाट लावा, आणि खालचा सांगाडा भिंतीत नीट अडकवलेला आहे ना ते पाहा. नुसता भिंतीवर टेकवलेला असेल तर पत्रा सांगाड्यासकट जातो.

मंगलोरी कौलांचा इतिहास थोडक्यात. १८४१ मध्ये आल्सासमधल्या गिलार्दोनी बंधूंनी एकमेकांत अडकणाऱ्या कौलांचं पेटंट घेतलं, १८६५ मध्ये बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्टनं मंगळूरला कारखाना काढला. वजनाला हलकी, दरवर्षी फेरायची गरज नाही. घेताना एक कौल बोटानं वाजवा. खणखणीत वाजलं तर घ्या, ढप्प वाजलं तर ते कच्चं किंवा तडकलेलं. एक कोरडं तोलून रात्रभर पाण्यात ठेवा आणि परत तोला. वजन पाचव्या हिश्श्यानं वाढलं असेल तर तो माल सोडून द्या. वानरं मात्र त्यांनाही सोडत नाहीत :)

आणि आता ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं तो सिमेंटचा पत्रा. ऑस्ट्रियात लुडविग हाचेकनं १९०१ च्या सुमारास सिमेंट आणि अॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळून पत्रा करण्याचं पेटंट घेतलं. त्याला नाव दिलं एटर्निट, म्हणजे चिरंतन! आपल्याकडे १९३० च्या दशकात मध्य प्रदेशात कटनीजवळ कैमोरला कारखाना निघाला. गंजत नाही, पावसात टिनासारखा ढोल वाजत नाही, टिनापेक्षा कमी तापतो, वानर बसलं तर बहुतेक वेळा टिकतो. लोकांनी घेतला यात नवल काय?

प्रश्न त्या तंतूंचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसात कॅन्सर करणारे म्हणून पहिल्या गटात टाकलेत. तंतू फुप्फुसात गेल्यावर रोग दिसायला वीस-तीस-चाळीस वर्षं लागतात, म्हणून गावात कुणी या दोन गोष्टींचा संबंधच जोडत नाही. युरोपियन युनियननं २००५ पासून वापर बंद केला, अमेरिकेनं २०२४ मध्ये पांढऱ्या अॅस्बेस्टॉसवर बंदीचा नियम काढला. आपल्या सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये या उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याबद्दल आदेश दिले. खाणकाम आपण जवळजवळ थांबवलं, पण तंतू आयात होतात आणि पत्रे राजरोस विकले जातात.

धडधाकट पत्रा डोक्यावर असेल तर लगेच घाबरून जायचं कारण नाही. धोका धुळीचा आहे. तो कापताना, भोकं पाडताना, फोडताना आणि जुना होऊन वरचा थर भुसभुशीत झाल्यावर. आणि नवं छप्पर घ्यायचं ठरलं की आपण नेमकं तेच करतो! आमच्या घराच्या मागच्या पडवीवर असे पत्रे आहेत. काकांचा बेत असा होता की घरचीच पोरं वर चढवून ते हातोड्यानं फोडून खाली टाकायचे आणि तुकडे अंगणात भर म्हणून घालायचे. फोनवर मी नको म्हटलं तर म्हणाले, "काहून? साऱ्या गावानं तसंच केलं." खरंय, केलंय. त्या अंगणात माझ्या चुलतभावाची तीन वर्षांची पोरगी खेळते. शेवटी ठरलं ते असं: पत्रे आधी पाण्यानं भिजवायचे, हुक कापून अख्खे उतरवायचे, काम करणाऱ्यांनी नुसता रुमाल न बांधता नीट मास्क लावायचा, पोरीला त्या दिवशी मामाकडे पाठवायचं, आणि उतरवलेले पत्रे प्लास्टिकमध्ये गुंडाळून एका बाजूला ठेवायचे. पुढे त्यांची विल्हेवाट कुठे लावायची याची चौकशी मी करतोय. ज्याला कुणाला आपल्या जिल्ह्यात ते नीट जमलं असेल त्यानं कृपया कळवा.

नवा घेतानाही एक लक्षात ठेवा. दुकानात 'सिमेंट शीट' म्हणून मागितलं तर बहुधा अॅस्बेस्टॉसचाच पत्रा मिळेल. बिनअॅस्बेस्टॉसचे फायबर सिमेंट पत्रेही मिळतात, पण छापील मजकूर वाचून आणि बिलावर तसं लिहून घेऊनच घ्या.

स्लॅबबद्दल आज लिहीत नाही, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे (आणि गळतीचाही!). फक्त एक सांगतो. घरची जुनी कवेलू किंवा मंगलोरी कौलं उतरवलीत तर कवडीमोल विकू नका. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फारसा भार पेलत नाही, तिथे सळयांच्या चौकटींत जुनी मंगलोरी कौलं ठेवून वरून काँक्रीट ओतता येतं. लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत घरोघरी नेली. काँक्रीट वाचतं, स्लॅब थोडा हलका होतो आणि तापतोही कमी. मात्र सळयांचं डिझाइन स्थापत्यवाल्या इंजिनिअरकडूनच करून घ्या, आमच्यासारख्याकडून नको. नळीच्या कवेलूंना हा मान नाही, त्या काकांनी गोठ्यासाठी रचून ठेवल्यात. अकराशे भरल्या.