उरूस: एका शब्दाची कुळकथा

'उरूस' हा शब्द मूळचा अरबी 'उर्स', आणि त्याचा अर्थ लग्न. नवरीला अरबीत 'अरूस' म्हणतात, तोही याच धातूचा. 'हर्फ'चे मराठीत 'हरूप' झाले तसे 'उर्स'चे 'उरूस' झाले. इंदापुरात शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांच्या गढीच्या परिसरातील चांदशहावली बाबांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, तेव्हा गावाच्या लेखी ती जत्रा असते. प्रत्यक्षात उरूस म्हणजे पुण्यतिथी.

पुण्यतिथीला लग्न म्हणण्याची रीत सूफींची, म्हणजे इस्लाममधील अंतर्मुख साधनेच्या वाटेने जाणाऱ्यांची. 'वली' म्हणजे अल्लाहच्या जवळचा, अनेकवचन 'औलिया'. अशा माणसाचा मृत्यू हा वियोग नसून मीलन, असे सूफी मानतात. पैगंबरांच्या उक्ती व आचरणाच्या नोंदींना हदीस म्हणतात. त्यांतल्या एकीत सज्जनाच्या कबरीतील झोपेला नवपरिणीतेच्या झोपेची उपमा आहे. 'उर्स'चा आधार तिथे दाखवला जातो.

भारतात ही प्रथा रुजवली ती मुख्यतः चिश्ती परंपरेने. अजमेरचे मोईनुद्दीन चिश्ती 1236 मध्ये वारले. त्यांचा उरूस रजब महिन्याच्या पहिल्या सहा दिवसांत असतो. दख्खनमध्ये बुऱ्हानुद्दीन गरीब यांनी ही परंपरा आणली. 1337 मध्ये ते वारले आणि त्यांची कबर खुलदाबादला आहे. पुढे सूफींची नावे मराठी घरांतही शिरली. मालोजीराजांनी अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) शाह शरीफ यांच्या दर्ग्यात नवस केला, म्हणून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे बखरी सांगतात. 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे सूफी संतकवी शेख महंमद हे मालोजीराजांचे गुरू मानले जातात. मालोजीराजे पडले ते इंदापूरच्याच लढाईत.

उरूस बहुधा तीन दिवसांचा: संदल, उरूस, झियारत. संदलाच्या रात्री उगाळलेल्या चंदनाचे ताट डोक्यावर घेऊन वाजतगाजत मिरवणूक निघते. दर्ग्यात लोबानाचा धूर कोंदलेला असतो. मुजावर, म्हणजे दर्ग्याचा सेवेकरी, ते चंदन हाताने कबरीवर लिंपतो, वर गलेफ म्हणजे कापडी चादर आणि फुलांची चादर चढते. मग फातिहा, म्हणजे कुराणाचा सात आयतींचा पहिला अध्याय, म्हटला जातो आणि मलिदा वाटतात: गव्हाची पोळी कुस्करून त्यात गूळ-तूप. या शब्दांचेही कूळ मोठे गमतीचे आहे. 'दर्गा' फारसी, अर्थ दरबार. 'पीर' फारसीच, अर्थ म्हातारा, म्हणून गुरू. 'मुजावर' अरबी, अर्थ शेजारी राहणारा. 'मलिदा' चोळणे-मळणे या अर्थाच्या फारसी क्रियापदावरून. आणि 'संदल' तर आपलेच 'चंदन': संस्कृतातून फारसीत, तिथून अरबीत आणि फिरून मराठीत. घरचेच पाहुणे होऊन आले, ते ओळखू न येण्याइतके बदलून.

उरूस हा इस्लामच्या पाच आधारांपैकी नव्हे. ते आधार म्हणजे कलमा, नमाज, रोजा, जकात आणि हज. इबादत, म्हणजे उपासना, फक्त अल्लाहची. कबरीची भेट ती झियारत. दर्गा मानणारे वलीला उपास्य मानत नाहीत, अल्लाहकडे रदबदली करणारा समजतात. अहले हदीससारख्या पंथांना तेही मान्य नाही. अल्लाहच्या बरोबरीला कोणाला बसवणे हे 'शिर्क', सर्वांत मोठे पाप, आणि दर्ग्यातल्या नवसाने माणूस तिकडेच झुकतो असे ते म्हणतात. हा वाद मुसलमानांच्या घरातलाच आहे आणि जुना आहे.

हिजरी सन इ.स. 622 च्या हिजरतीपासून, म्हणजे पैगंबरांच्या मक्केहून मदिनेला झालेल्या स्थलांतरापासून मोजतात. त्याचे वर्ष चांद्र, 354 किंवा 355 दिवसांचे. त्यात अधिक मास नाही. म्हणून हिजरी तारखेचा उरूस दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि कधी उन्हाळ्यात, तर कधी ऐन पेरणीत येतो. शेतकरी गावांना हे गैरसोयीचे. महाराष्ट्रात काही उरूस म्हणूनच पंचांगाच्या तिथीला बांधलेले दिसतात. कल्याणजवळच्या हाजी मलंगचा माघ पौर्णिमेला असतो. शिर्डीत 1897 मध्ये उरूस सुरू झाला तो रामनवमीला. सांगली-कोल्हापूरकडे तर ग्रामदैवताच्या जत्रेलाही सर्रास उरूस म्हणतात. तिथे पाळणे येतात, कुस्त्यांचा फड लागतो, आणि शब्दातले लग्न कोणाच्या ध्यानातही नसते.