क्रिकेटपटूंचे मानधन व मंडळ : संघर्षाचा पंचकुला अध्याय

चंदीगड : भारतीय क्रिकेट नियामक मंडळ (बीसीसीआय) आणि खेळाडू यांच्यातील आर्थिक संघर्षाचा सर्वांत तीव्र अध्याय चंदीगडलगतच्या पंचकुला येथे घडला. मंडळाची मान्यता नसलेल्या ‘इंडियन क्रिकेट लीग’ची (आयसीएल) पहिली ट्वेन्टी-२० स्पर्धा २००७ च्या अखेरीस तेथील ताऊ देवीलाल स्टेडियमवर झाली. १६ डिसेंबर रोजी झालेल्या अंतिम सामन्यात चेन्नई सुपरस्टार्सने चंदीगड लायन्सचा पराभव केला.

या लीगच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्षपद चंदीगडचे सुपुत्र कपिल देव यांच्याकडे होते. बीसीसीआयने त्यांना राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून दूर केले, त्यांचे निवृत्तिवेतन थांबवले आणि लीगमधील खेळाडूंना मान्यताप्राप्त क्रिकेटचे दरवाजे बंद केले. त्याच वेळी देशांतर्गत स्पर्धांच्या बक्षीस रकमाही वाढवल्या. २००८ मध्ये मंडळाची स्वतःची ‘इंडियन प्रीमियर लीग’ (आयपीएल) सुरू झाली.

आयसीएल दोन वर्षांतच बंद पडली. मोबदला थकल्याच्या तक्रारी अनेक खेळाडूंनी केल्या. लीगशी संबंध तोडणाऱ्यांना मंडळाने २००९ मध्ये माफी दिली. त्यांपैकी अंबाती रायुडू व स्टुअर्ट बिन्नी पुढे भारताकडून खेळले. कपिल देव २०१२ मध्ये मंडळाच्या प्रवाहात परतले.

हा संघर्ष पहिला नव्हता. १९८९ मध्ये अमेरिकेत प्रदर्शनीय सामने खेळल्याबद्दल दिलीप वेंगसरकर, कपिल देव, रवी शास्त्री यांच्यासह सहा खेळाडूंवर मंडळाने बंदी घातली होती. प्रकरण न्यायालयात गेल्यानंतर ती उठली. २००२ मध्ये चॅम्पियन्स करंडकापूर्वी वैयक्तिक जाहिरात करारांवरून वाद पेटला. त्यानंतर वार्षिक करारांची पद्धत आली.

ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये करार संपल्याने सुमारे २३० खेळाडू कराराविना राहिले होते. तेथे खेळाडूंच्या संघटनेने वाटाघाटी केल्या आणि उत्पन्नातील वाटा कायम राखला. भारतात लोढा समितीच्या शिफारशींनुसार २०१९ मध्ये स्थापन झालेली ‘इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन’ केवळ माजी खेळाडूंची आहे. मैदानावर खेळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या वतीने सामूहिक वाटाघाटी करणारी मान्यताप्राप्त संघटना देशात नाही.

चंदीगडच्या खेळाडूंनाही हे लागू होते. पूर्वी ते पंजाब किंवा हरियाणाकडून खेळत. २०१९ मध्ये केंद्रशासित प्रदेशाच्या संघटनेला मान्यता मिळाल्यावर चंदीगडचा संघ रणजी करंडकात उतरला. देशांतर्गत सामन्यांचे मानधन २०२१ मध्ये प्रतिदिन ३५ हजार रुपयांवरून अनुभवानुसार ४० ते ६० हजार रुपये झाले. ही वाढ भरीव असली, तरी दर ठरवण्याचा अधिकार आजही मंडळाकडेच आहे.