एका तासाची दोन नावं

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या कुठल्याही मित्राला विचारून बघा. वेळापत्रकात एक चौकट अशी असायची की तिच्यात दोन विषयांची नावं लिहिलेली असत: कॅटेकिझम आणि मॉरल सायन्स. घंटा झाली की डिसोझा, परेरा, रॉड्रिग्ज मंडळी पुस्तक घेऊन दुसऱ्या वर्गात जायची. उरलेले कुलकर्णी, शेख, शहा जागेवरच बसून खरं बोलावं, आईवडिलांचं ऐकावं, वाटून खावं वगैरे शिकायचे. पस्तीस मिनिटांनी सगळे परत एकत्र, आणि पुढचा तास गणिताचा. माझ्याही शाळेत हेच होतं. तेव्हा यात काही विशेष वाटलं नाही. पण प्राथमिक शाळेतल्या त्या एका तासामागे साडेचारशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्याच किनाऱ्यावर घडलेला आहे.

आधी शब्दाबद्दल. 'कॅटेकिझम'चं मूळ ग्रीक आहे, आणि त्याचा अर्थ साधारण तोंडी शिकवणं, घुमवणं असा होतो. म्हणजे आपली संथाच म्हणा ना! गुरुजी सांगणार, मुलं त्यांच्यामागून म्हणणार. पाढे आणि परवचा पाठ केलेल्या माणसाला ही पद्धत वेगळी समजावून सांगायला नको.

या पाठांतराला छापील पुस्तकाचं रूप आलं ते युरोपातल्या भांडणातून. 1529 मध्ये मार्टिन ल्यूथरने सामान्य घरांसाठी प्रश्नोत्तरांची छोटी पुस्तिका काढली. कॅथलिकांच्या बाजूने पीटर कॅनिसियस या जेझुइटाने 1555 मध्ये आपली प्रश्नोत्तरं छापली. मग ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये ठराव केला की निदान रविवारी आणि सणांच्या दिवशी प्रत्येक पॅरिशमध्ये मुलांना धर्माची मूलतत्त्वं शिकवलीच पाहिजेत. आजच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही पक्षांना कळून चुकलं होतं की खरी लढाई सात-आठ वर्षांच्या युजरसाठी आहे.

गोव्यात हे काम त्याच्याही आधी सुरू झालं होतं. फ्रान्सिस झेवियर 1542 च्या मे महिन्यात गोव्यात उतरला. हातात घंटा घेऊन तो रस्त्याने फिरायचा आणि मुलं गोळा करून त्यांना प्रार्थना आणि आज्ञा चालीवर शिकवायचा. 1556 मध्ये गोव्यात छापखाना आला आणि पुढच्याच वर्षी तिथे झेवियरची धर्मशिक्षणाची पुस्तिका छापली गेली. म्हणजे हिंदुस्थानात छपाई आली तेव्हा अगदी सुरुवातीला छापल्या गेलेल्या पुस्तकांत लहान मुलांच्या धर्माच्या तासाचं पुस्तक होतं. गोव्याच्या कोकणीत या शिकवणीला आजही 'दोतोर्न' म्हणतात. पोर्तुगीज 'दोत्रिना'चं ते कोकणी रूप.

चित्र इतकंच असतं तर गोड वाटलं असतं. पण 1559 मध्ये पोर्तुगालच्या राजाचा हुकूम निघाला, की गोव्यातल्या हिंदूंची अनाथ मुलं जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात द्यावीत, त्यांना बाप्तिस्मा द्यावा आणि धर्म शिकवावा. ज्यांच्या वतीने 'नाही' म्हणणारं कुणी नव्हतं, नेमकी अशीच मुलं त्यात सापडली. धर्मशिक्षणाच्या इतिहासात 'संमती' हा शब्द पुढे एवढा महत्त्वाचा का झाला, ते इथे कळतं.

याच काळात, याच व्यवस्थेत आपल्याला ओळखीचा एक माणूस येतो: फादर स्टीफन्स. 1579 मध्ये गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट आपल्याला शाळेत भेटतो तो मराठीची स्तुती गाणारा कवी म्हणून. त्याचं दहा हजारांवर ओव्यांचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूर, म्हणजे राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. गंमत म्हणजे या पुराणाची सुरुवातच एका धर्मशिक्षणाच्या वर्गात होते. साष्टीतल्या एका चर्चमध्ये मुलांना दोत्रिन शिकवणं चालू आहे, आणि एक श्रोता उठून पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही?

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. नुसती प्रश्नोत्तरं पाठ करून माणसाचं पोट भरत नाही, त्याला कथा लागते, आणि ती आपल्या भाषेत, आपल्या छंदात लागते. स्टीफन्सने ते ओळखलं. त्याची कोकणीतली 'दोत्रिन' ही प्रश्नोत्तरांची पुस्तिका त्याच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये निघाली. पण सत्तेला त्याचं म्हणणं फार काळ पटलं नाही. 1684 मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढून तीन वर्षांच्या आत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा आदेश दिला. तो आदेश घराघरांत काही पाळला गेला नाही, हे आजच्या गोव्याकडे बघून कळतंच.

आता मुंबईकडे येऊ, कारण वेळापत्रकातली ती दोन नावांची चौकट घडायला ब्रिटिश अमलातल्या घटना कारणीभूत आहेत. इथे सुरुवातीला वाद झाला तो कॅथलिक शाळांवरून नव्हे, तर प्रॉटेस्टंट मिशनच्या शाळांवरून. तिथे बायबलचा तास सगळ्यांनाच असायचा. 1839 मध्ये जॉन विल्सनच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी, धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी यांनी, ख्रिस्ती धर्म स्वीकारला. प्रकरण कोर्टात गेलं, पारशी पालकांनी मुलं शाळेतून काढून घेतली. 1843 मध्ये श्रीपत शेषाद्री या अल्पवयीन ब्राह्मण मुलाचं प्रकरण झालं. त्याचा मोठा भाऊ नारायण ख्रिस्ती झाला होता आणि श्रीपत मिशनमध्ये राहत होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं, पण त्याला परत जातीत घ्यायचं की नाही यावरून सगळा समाज ढवळून निघाला. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्याबद्दल त्यांनी भरपूर रोष ओढवून घेतला. (या दोन्ही प्रकरणांवर अजून कुणी वेब सीरिज कशी काढली नाही, हे एक कोडंच आहे.)

पालकांना इंग्रजी शिक्षण तर हवं होतं, आणि मूल हातचं जाईल ही भीतीही होती. सरकारला शाळा हव्या होत्या आणि धर्माचं झेंगट नको होतं. 1854 च्या वुडच्या खलित्याने यातून मधला मार्ग काढला. खासगी शाळांना अनुदान द्यायचं ते लौकिक शिक्षणाचा दर्जा बघून. शाळेत कुठला धर्म शिकवला जातो, याकडे इन्स्पेक्टरने लक्ष द्यायचं नाही. या चौकटीत मिशनऱ्यांच्या शाळा वाढल्या. जर्मन जेझुइटांनी 1867 मध्ये पुण्यात सेंट व्हिन्सेंट आणि 1869 मध्ये मुंबईत धोबीतलावला सेंट झेवियर्स हायस्कूल सुरू केलं. कॅथलिक शाळांत हिंदू, पारशी, मुसलमान मुलं मोठ्या संख्येने येऊ लागली, आणि धर्माचा तास कॅथलिकांना, नीतीचा तास इतरांना, अशी वाटणी रुळत गेली.

हा तास मोठ्यांच्या वर्गांतून प्राथमिक शाळेत घट्ट बसायला रोममधला एक निर्णयही कारण आहे. पूर्वी मुलाला पहिला कम्युनियन साधारण दहा ते चौदा वर्षांच्या दरम्यान मिळायचा. 1910 मध्ये पोप दहावे पायस यांनी ठरवलं की मुलाला समज आली, म्हणजे साधारण सात वर्षांचं झालं, की पुरे. साहजिकच त्याची तयारी पहिली ते चौथीच्या वर्गांत आली. पांढऱ्या कपड्यांतले आपले वर्गमित्र ज्या दिवसासाठी एवढी प्रश्नोत्तरं घोकत होते, तो हा दिवस.

1950 मध्ये आपल्या राज्यघटनेने या सगळ्या अनुभवाचं सार कलम 28 मध्ये मांडलं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते देता येतं, पण कुठल्याही मुलावर पालकांच्या संमतीशिवाय सक्ती करता येत नाही. शिवाय कलम 30 ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क दिला. 1559 च्या हुकमात जो 'नाही' म्हणणारा कुणी नव्हता, त्याला घटनेने आवाज दिला. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि त्या दोन नावांच्या चौकटीकडे मी या आदरानेच बघतो.

तरीही एक खोट राहिलीच. त्या तासात एका गटाला धर्म शिकवला गेला, दुसऱ्या गटाला नीती. पण धर्मांविषयी माहिती मात्र कुणालाच मिळाली नाही. दहा वर्षं एका बाकावर बसून कुलकर्णीला कम्युनियन म्हणजे काय ते कळत नाही, परेराला मुंज म्हणजे काय ते कळत नाही, आणि शेखच्या रोज्यांबद्दल दोघांनाही 'दिवसभर पाणीपण नाही?' एवढाच प्रश्न पडतो. धर्म शिकवणं आणि धर्मांविषयी शिकवणं यातला फरक सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये अरुणा रॉय खटल्यात मान्य केला. धर्मांची ओळख करून देण्याला कलम 28 आड येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. वाट मोकळी आहे, पण त्या वाटेने जाणाऱ्या शाळा मला फारशा दिसत नाहीत. भीती दोन्हीकडून आहे: शाळेला आरोपांची, पालकांना धर्मांतराची. 2024 मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, सकाळी घटनेची उद्देशिका म्हणा, सर्वधर्म प्रार्थनेसाठी जागा ठेवा, असं त्यांत होतं. वातावरण किती नाजूक झालं आहे, हे त्यावरून कळतं.

आपल्यातले बरेच जण आता मुलांच्या ॲडमिशनसाठी अशाच शाळांच्या रांगेत उभे राहणार आहेत. रांगेत इंग्रजी, शिस्त, बस, फी याबद्दल आपण हजार प्रश्न विचारतो. 'माझ्या मुलाला धर्म शिकवणार नाही ना?' हेही कुणीतरी दबक्या आवाजात विचारतंच, आणि तो हक्क आपल्याला घटनेने दिलेला आहे. पण त्याला जोडून अजून एक प्रश्न विचारावा असं मला वाटतं: 'शेजारच्या बाकावरचं मूल काय मानतं, हे माझ्या मुलाला कोण सांगणार?' शाळेने कानावर हात ठेवले तर ते काम घरी करावं लागेल. त्यासाठी आधी आपल्याला ते माहीत असायला हवं, आणि आपल्या वेळापत्रकात तर तो तास नव्हताच.