मांडू ते बुऱ्हाणपूर : दख्खनच्या उंबरठ्यावरील कबुतरांच्या लांब पल्ल्याच्या उड्डाणाचा इतिहास

प्रस्तावना :

'कबुतरबाजी' हा शब्द आज वृत्तपत्रांतून बहुधा बेकायदा मार्गाने माणसे परदेशी पाठविण्याच्या गुन्ह्यासंदर्भात वाचावयास मिळतो. त्याचा मूळ अर्थ कबुतरे पाळणे, शिकविणे व उडविणे असा असून तोही फारसा आदराने घेतला जात नाही. रिकामटेकड्या सरदारांचा षौक आणि उतरत्या सत्तेचे लक्षण, अशीच कबुतरबाजीची संभावना इतिहासलेखनात बरेचदा झालेली आहे. या दृष्टिकोनामुळे एका महत्त्वाच्या बाबीकडे दुर्लक्ष झाले. कबुतराने किती अंतर किती वेळात कापले याची नोंद ठेवण्याचा प्रयत्न आपल्याच परिसराच्या उत्तर सीमेवर सतराव्या शतकाच्या आरंभी झाला होता. युरोपात लांब पल्ल्याच्या कबुतरशर्यती सुरू होण्यापूर्वी सुमारे दोनशे वर्षे ही नोंद झाली. ज्या मोहिमेच्या काळात ती झाली, त्या मोहिमेचे लक्ष्य मलिक अंबरची खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर हे होते. प्रस्तुत निबंधात या नोंदीचे मोल तपासले असून, तिच्यातून शर्यतीचा खेळ येथे का उभा राहिला नाही याचाही विचार केला आहे.

पूर्वपीठिका :

मोगल घराण्याचा कबुतरांशी संबंध हिंदुस्थानात येण्यापूर्वीचा आहे. बाबराचा पिता उमर शेख मिर्झा याचा मृत्यू १४९४ मध्ये अख्सी येथे दरीच्या कडेवरील कबुतरखाना कोसळून झाला आणि बारा वर्षांचा बाबर फरगाण्याच्या गादीवर आला. अकबराच्या काळी या छंदाला दरबारी व्यवस्थेचे रूप मिळाले. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त त्यासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. बादशहाने या खेळाला 'इश्कबाजी' असे नाव दिले होते. दरबारी वीस हजारांहून अधिक कबुतरे होती व त्यांपैकी पाचशे 'खासा', म्हणजे निवडक होती. एका वेळी एकशे एक कबुतरांचा थवा उडविण्याची प्रथा होती. हवेत पूर्ण वर्तुळ घेण्याच्या कसरतीला 'चर्ख' व उलटी कोलांटी घेण्याला 'बाजी' म्हणत. छावणी हलली की भोई खुराडी खांद्यावर घेऊन चालत आणि कबुतरे वरून उडत सोबत जात. बुखारा, समरकंद, हेरात, बल्ख येथून आलेल्या कबुतरबाजांची नावेही अबुल फजलने नोंदविली आहेत. दरबारात या विद्येला कारागिरीचा दर्जा होता, याचे हे द्योतक मानावे लागेल.

या प्रकरणातील सर्वांत लक्षणीय भाग जोड्या लावण्याविषयीचा आहे. पूर्वी कबुतरांची जोडी कशीही जमविली जाई. अकबराने रूप व कसब यांत तुल्य असणाऱ्या पक्ष्यांचीच जोडी लावावी असा दंडक घातला. निवडक पैदाशीचे हे उदाहरण चार्ल्स डार्विनने १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात घेतले आहे. ज्याला आपण षौक म्हणून बाजूला सारले, तो उत्क्रांतिवादाच्या मूळ ग्रंथात पुरावा म्हणून दाखल झाला.

पत्रे नेणाऱ्या कबुतरांचा उल्लेखही 'आईन'मध्ये येतो. 'रथ' नावाची जात या कामी विशेष असली, तरी अन्य जातींनाही दुरून पत्र आणण्याचे शिक्षण देता येते, असे तेथे म्हटले आहे. मात्र अंतर व वेळ यांचा आकडा तेथे नाही. तो पुढच्या पिढीत येतो.

जहांगीरची नोंद :

१६१६ च्या आरंभी जालन्याजवळील रोशनगाव येथे मलिक अंबरचा पराभव झाला आणि मोगल फौजेने खडकी उद्ध्वस्त केली. तरीही अंबर शरण आला नाही. तेव्हा शहजादा खुर्रमची दख्खनवर नेमणूक झाली व खुद्द जहांगीर अजमेर सोडून माळव्यात आला. मार्च १६१७ मध्ये बादशहा मांडूला आणि शहजादा बुऱ्हाणपूरला, अशी स्थिती होती. ऑक्टोबरमध्ये मोहीम आटोपून खुर्रम मांडूस परतला आणि तेथे त्यास 'शाहजहान' हा किताब मिळाला. म्हणजे जवळजवळ संपूर्ण पावसाळा बादशहा विंध्याच्या कड्यावर आणि त्याचा सेनापती तापीकाठी होता. दोघांच्या मध्ये नर्मदेचे खोरे व सातपुडा.

'तुझुक-इ-जहांगिरी'तील नोंदीचा आशय असा : बगदादच्या खलिफांकडे 'नामाबर', म्हणजे पत्र वाहून नेणारी, रानकबुतरांहून मोठी कबुतरे होती असे ऐकिवात असल्याने बादशहाने आपल्या कबुतरबाजांना तशी कबुतरे तयार करण्याची आज्ञा केली. त्यांनी शिकविलेली कबुतरे पहाटे मांडूहून सोडली असता, पाऊस फार असला तर अडीच प्रहरांत, क्वचित दीड प्रहरात बुऱ्हाणपूरला पोहोचत. हवा स्वच्छ असली तर बहुतेक एका प्रहरात आणि काही तर चार घटकांतच पोहोचत.

दरबारी लेखनातील अतिशयोक्तीची सवय असलेल्या अभ्यासकाला हे आकडे प्रथमदर्शनी संशयास्पद वाटतील. परंतु ते गणिताला उतरतात. मांडू ते बुऱ्हाणपूर हे सरळ हवाई अंतर १४० ते १४५ किलोमीटर भरते. चार घटका म्हणजे ९६ मिनिटे; त्यावरून वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर येतो. प्रहर तीन तासांचा धरल्यास तोच वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास येतो. दीड प्रहराला तो तिसाच्या थोडा वर आणि अडीच प्रहराला विसाच्या खाली जातो. (पावसाळ्यात दिवस मोठा असल्याने दिवसाचा प्रहर तीन तासांहून किंचित अधिक भरे, त्या मानाने हे आकडे थोडे कमी धरावेत.) आधुनिक शर्यतीत अनुकूल वाऱ्यावर ताशी ९० किलोमीटरचा वेग असामान्य नाही, आणि माळव्यातील पावसाळी वारा पश्चिमेकडून वाहत असल्याने आग्नेयेस जाणाऱ्या पक्ष्याला तो अंशतः पाठीशी मिळतो. सर्वांत वेगवान वेळ 'काही' कबुतरांचीच सांगितली आहे, सर्वांची नव्हे. पावसात वेळ वाढते आणि कमी-अधिक होते, हेही अनुभवास धरून आहे. भिजलेला पक्षी वाटेत आसरा घेतो. रचून सांगणाऱ्याने एकच मोठा आकडा सांगितला असता. येथे हवामानानुसार चार वेगवेगळ्या वेळा दिल्या आहेत, त्यामुळे कोणीतरी प्रत्यक्ष मोजमाप ठेवले होते असे मानणेच युक्त ठरते.

या नोंदीतून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते, जिच्याकडे लक्ष जात नाही. घरवेडे कबूतर सामान्यतः स्वतःच्या ढाबळीकडेच परतते. विशेष शिक्षण दिल्याखेरीज त्याला दोन्ही दिशांना पाठविता येत नाही. कबुतरे मांडूहून सुटून बुऱ्हाणपूरला पोहोचत होती, त्याअर्थी त्यांच्या ढाबळी बुऱ्हाणपुरात असाव्यात आणि ती पिंजऱ्यांतून घाट चढवून मांडूला आणली जात असावीत. म्हणजे ही वाट बादशहाकडून शहजाद्याकडे जाणारी होती. शहजाद्याची खबर बादशहाकडे याच पक्ष्यांकरवी येणे सहसा शक्य नव्हते. जहांगीरने या प्रयोगाचा लष्करी हेतू कोठेही सांगितलेला नाही. त्याचे कुतूहल सारस पक्ष्यांच्या निरीक्षणातही असेच दिसते. तथापि मुक्कामाची ठिकाणे पाहता हा प्रयोग आणि दख्खनची मोहीम यांना एकमेकांपासून पूर्णतः वेगळे काढता येत नाही.

प्रयोग पुढे का सरकला नाही :

उत्तर बरेचसे वरील मर्यादेतच आहे. प्रत्येक संदेशामागे एक पक्षी खर्ची पडतो व तो पुन्हा माणसाच्या पाठीवरून किंवा घोड्यावरून मूळ ठिकाणी न्यावा लागतो. राजाची छावणी सतत फिरती. ढाबळ मात्र स्थिर हवी. बगदाद-कैरोसारख्या स्थिर राजधान्यांत ही टपालव्यवस्था टिकली, त्याचे कारण हेच. दख्खनमध्ये जासूद, हरकारे व सांडणीस्वार यांची साखळी स्वस्त होती, ती दोन्ही बाजूंनी चाले, आणि जासूद पत्राखेरीज तोंडी मजकूरही सांगू शके. मोगल असोत वा मराठे, दोघांचीही बातमीदारी याच साखळीवर विसंबून राहिली.

खेळाच्या बाबतीत कारण वेगळे आहे. खडकीची औरंगाबाद झाली, बुऱ्हाणपूरचे दख्खन सुभ्याच्या मुख्य ठाण्याचे स्थान तिच्याकडे आले, आणि १७६३ पर्यंत ती आसफजाही राजधानीही राहिली. तटबंदीच्या आत दाट वस्ती, एकमेकांना लागून असलेली माळवदे व गच्च्या, वर मोकळे आकाश ही अशा शहरांची रचना होती. या रचनेला साजेसा खेळ म्हणजे उंच उड्डाणाचा. सकाळी कबूतर सोडावयाचे आणि कोणाचे सर्वांत उशिरा उतरते ते पाहावयाचे. किंवा आपला थवा शेजाऱ्याच्या थव्यात मिसळवून त्याचा पक्षी आपल्या छत्रीवर उतरवून घ्यावयाचा. गिरेबाज पक्ष्याची किंमत त्याच्या दमावर ठरे. लक्का, लोटन, शिराजी हे रूपासाठी व गमतीसाठी पाळले जात. या खेळाला सूक्ष्म घड्याळ लागत नाही, नकाशा लागत नाही, गाडीभाडेही लागत नाही. निकाल सर्व मोहल्ल्याच्या डोळ्यांदेखत लागतो.

लांब पल्ल्याच्या शर्यतीचे तसे नाही. सर्व स्पर्धकांची कबुतरे एकाच ठिकाणी नेऊन एकाच वेळी सोडावी लागतात, पण प्रत्येकाचे घर वेगळ्या अंतरावर असते. म्हणून प्रथम येणारा पक्षी विजेता नव्हे. प्रत्येक ढाबळीपर्यंतचे अंतर मोजून, लागलेल्या वेळाने भागून, ज्याचा वेग अधिक तो विजेता. त्यासाठी अचूक मोजणी, एकमेकांशी जुळविलेली घड्याळे आणि पक्षी दूर नेण्याची स्वस्त सोय, या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. बेल्जियममध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शर्यती सुरू झाल्या व रेल्वे येताच त्या खाणकामगार आणि विणकर यांच्यापर्यंत पोहोचल्या. पिलू आठवड्याचे असतानाच पायात घातलेले न निघणारे कडे, शर्यतीपूर्वी चढविलेली रबरी अंगठी, ती टाकताच वेळ नोंदविणारे बंदिस्त घड्याळ, ही सारी सामग्री परस्पर अविश्वासातून जन्मली असे म्हटल्यास वावगे होणार नाही. आता त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक चकतीने घेतली आहे. हा खेळ किती पुढे गेला याची कल्पना येण्यास एवढे पुरे, की २०२० साली 'न्यू किम' नावाची बेल्जियन मादी सोळा लाख युरोंना विकली गेली. उलट बाजूही आहे. १९९७ मध्ये ब्रिटनच्या रॉयल पिजन रेसिंग असोसिएशनच्या शताब्दी शर्यतीत फ्रान्समधील नांत येथून सोडलेल्या सुमारे साठ हजार कबुतरांपैकी बहुसंख्य परतलीच नाहीत.

भारतात रेल्वे १८५३ मध्ये आली, परंतु पाठोपाठ तारही आली. युरोपात तारांच्या जाळ्यातील खिंडारे काही काळ कबुतरांनी भरून काढली. १८५० मध्ये रॉयटरने आखेन व ब्रुसेल्स यांच्यामधील बाजारभाव कबुतरांकरवीच नेले. भारतात लांब पल्ल्याच्या शर्यती पुढे कोलकाता, चेन्नई, बंगळूर अशा शहरांत रुजल्या. चेन्नईतील हौशी मंडळी आपली 'होमर' कबुतरे शेकडो किलोमीटर उत्तरेस नेऊन सोडतात.

ओडिशाचा ताळा :

जहांगीरच्या आकड्यांना आधुनिक ताळा मिळतो तो ओडिशा पोलिसांच्या कबूतर पथकातून. १९४६ मध्ये लष्कराकडून मिळालेल्या दोनशे कबुतरांनिशी कोरापुट जिल्ह्यात हे पथक सुरू झाले. पुढे त्याचे केंद्र कटक झाले. एप्रिल १९४८ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू हिराकूड धरणाच्या निमित्ताने संबलपूरला आले असता, तेथून कटकला धाडलेला संदेश कबुतराने ५ तास २० मिनिटांत पोहोचविल्याची नोंद आहे. हे अंतर सरळ रेषेत सुमारे २२५ किलोमीटर, म्हणजे वेग ताशी ४२ किलोमीटर. मांडूच्या 'बहुतेक' कबुतरांचा ताशी ४८ चा वेग याच्या अगदी निकट आहे. १९८२ चा पूर आणि १९९९ चे महाचक्रीवादळ यांत तारा व दूरध्वनी बंद पडले असता याच पक्ष्यांनी काम दिले.

पाऊस व ढग यांचा परिणाम जहांगीरने का नोंदविला असावा, याचेही उत्तर आता देता येते. गुस्ताव क्रेमर याने १९५० च्या दशकात पक्षी सूर्याचा होकायंत्रासारखा उपयोग करतात हे दाखविले. विल्यम कीटन याने १९७१ मध्ये कबुतरांच्या पाठीवर लहान चुंबके बांधून पाहिली. सूर्य दिसत असता अनुभवी कबुतरे बिनचूक परतली, आकाश झाकलेले असता मात्र त्यांची दिशा चुकली. त्याच सुमारास इटलीतील फ्लोरियानो पापी याने गंधाचा मुद्दा पुढे आणला. या उपपत्तींमध्ये अद्याप एकवाक्यता नाही. परंतु सूर्य झाकला गेला की पक्ष्याला एका साधनावाचून चालवावे लागते, हे सर्वमान्य आहे. मांडूच्या कबुतरबाजांजवळ यांपैकी कोणतीच उपपत्ती नव्हती. त्यांच्याजवळ घटका मोजणारे पात्र होते, आणि स्वच्छ दिवसाची वेळ पावसाच्या दिवसापासून वेगळी लिहिण्याची शिस्त होती.