पडाव आणि गंधर्वस्वर

ग्वाल्हेरच्या रेल्वे स्थानकालगतच्या वस्तीचे नाव पडाव. पडाव म्हणजे प्रवासातील मुक्काम. जवळच्या लष्कर भागाचे नावही शिंद्यांच्या छावणीवरूनच पडले. छावणी उठली नाही, तिचे नगर झाले. आणि त्या नगरात मराठी भाषा व ख्यालगायकी या दोन्ही रुजल्या.

ग्वाल्हेरचे वासुदेवबुवा जोशी यांची विद्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली. भास्करबुवा बखले यांना बडोद्यास फैज महंमदखाँ यांच्याकडून याच परंपरेची तालीम मिळाली. भास्करबुवांचे शिष्य नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. फिरत्या नटाचे सारे आयुष्य पडावांचेच असते. पण ज्या स्वराने महाराष्ट्राला वेड लावले, त्याचा एक मुक्काम अशा रीतीने ग्वाल्हेरीत आहे.

१८८८ साली जन्मलेले नारायणराव १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९११ साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आले. त्याच दिवशी त्यांची कन्या निवर्तली, तरी प्रयोग थांबला नाही, असे सांगतात. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९१६ च्या ‘स्वयंवरा’स चाली भास्करबुवांच्या होत्या. १९१९ साली ‘एकच प्याला’तील सिंधू आली. भरजरी शालू उतरवून ठिगळाचे लुगडे नेसलेल्या त्या सिंधूसाठी प्रेक्षक रडले.

अशा पुरुषाचा जीवनपट पडद्यावर उतरवणे सोपे नाही. मराठी बोलपट १९३२ साली आला, तेव्हा नारायणरावांचा ऐन बहर ओसरला होता. १९३५ च्या ‘धर्मात्मा’त कॅमेऱ्याने त्यांना पकडले, पण ते संत एकनाथांच्या पुरुषवेषात. रुक्मिणी आणि सिंधू प्रेक्षकांच्या आठवणीतच राहिल्या. उरल्या त्या ध्वनिमुद्रिका. २०११ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला, तेव्हा सुबोध भावे यांनी भूमिका केली आणि गाण्यांस कंठ आनंद भाटे यांनी दिला. एका माणसाने पेललेले काम दोघांत वाटावे लागले, यातच नारायणरावांची थोरवी दिसते.

म्हणून त्यांच्यावरील माहितीपट केवळ टाळ्यांचा असू नये. मखमली पडदे व अत्तरे यांच्यामागोमाग आलेले कर्ज, गोहरबाई कर्नाटकी यांच्यासह थाटलेला आणि समाजाने नावे ठेवलेला संसार, अखेरच्या वर्षांतील पंगुत्व, हेही त्यात आले पाहिजे. दुःख वगळले तर गाणे कोठून आले, हे उमगत नाही.

१९६२ साली पुण्यातील रंगमंदिराची कोनशिला खुद्द त्यांच्याच हस्ते बसली. ते पूर्ण होण्याआधी, १५ जुलै १९६७ रोजी, नारायणराव गेले. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, रंगमंदिराचे दार उघडले. यजमान निघून गेला आणि घर मागे राहिले. पडावावरील मुसाफिरांची रीत हीच. वस्ती मात्र त्यांच्या मागे नांदत राहते.