डाव्या हाताची नाडी

मे १९६८. रत्नागिरीच्या भगवती बंदरात तुम्ही पडावात बसला आहात. खिशात मोबाइल नाही. अंगावर लालबागच्या गिरणीत साचा चालवणाऱ्या विणकराचा सदरा, आणि शेजारी तुमची बावीस वर्षांची धाकटी बहीण. घरात सगळे तिला बाय म्हणतात. बोट लांब नांगरून उभी आहे. आठ-दहा दिवसांत समुद्र फिरेल आणि बोटी बंद होतील. मग एसटीतून घाटांचे हिसके खात जायचं, आणि बायला तर अंगणातून विहिरीपर्यंत गेलं तरी पोटऱ्यांत गोळे येतात.

परवा वैद्यबुवा आले होते. बाईमाणसाची नाडी डाव्या हाताला बघायची, या रिवाजाने त्यांनी तीन बोटं टेकवली. बराच वेळ तशीच ठेवली. मग उजवा हात मागितला, तिथे नाडी धडधडत होती. पुन्हा डावा. “असं होत नाही,” एवढंच म्हणाले आणि चहा न घेता उठले.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून तुम्हाला नाव ठाऊक आहे. ताकायासू. जपानमधल्या मिकितो ताकायासू या नेत्रवैद्याने १९०८ साली एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण नोंदवली, त्यावरून हे नाव पडलं. महाधमनी आणि तिच्या फांद्या आतून सुजतात, जाड होतात, बुजत जातात. बहुतेक तरुण बायकांनाच होतं. पण पडावात हे सांगणार कोणाला? बायला ओकारी येते आहे.

जयगड, दाभोळ, हर्णै. पहाटे भाऊचा धक्का.

गावकीच्या खोलीत “परळला न्यायचंय” म्हटल्यावर माणसं गप्प होतात. १९४१ पासून परळ म्हणजे टाटा आणि टाटा म्हणजे कॅन्सर. “टाटा नाय, बाजूचं केईएम,” हे तुम्ही दहादा सांगता. मग सूर बदलतो. “म्हणजे हृदय बदललं तिथं?” हो, तिथंच. फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातलं पहिलं हृदयरोपण तिथे केलं, जगातलं पहिलं करणाऱ्या डॉ. बर्नार्डनंतर अडीच महिन्यांत. रुग्ण काही तासांतच गेला, ते खोलीत कोणी काढत नाही.

याच सेन यांच्या खात्यात महाधमनीच्या या दुखण्याचा कसून अभ्यास चालू आहे. त्याची बातमी कधी होत नाही. मला विचाराल तर तेच काम मोठं. डॉ. किनरे विकृतिशास्त्राच्या बाजूने, डॉ. परुळकर शस्त्रक्रियेच्या. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा १०१ रुग्णांवरचा ग्रंथ येणार आहे.

तपासताना बायच्या डाव्या दंडाला पट्टा बांधतात, काहीच ऐकू येत नाही. उजव्याला २१०. पायांत जेमतेम. तरुण डॉक्टर स्टेथोस्कोप तिच्या पोटावर ठेवून नळ्या तुमच्या कानात देतो. प्रत्येक ठोक्याला सूं... सूं... पाटाचं पाणी अरुंद मोरीतून घुसावं तसं. मूत्रपिंडांना रक्त कमी पोचतं, त्यांना वाटतं अंगातलंच रक्त आटलं, म्हणून ती सगळा दाब वाढवत सुटतात. आज अशी धमनी पुष्कळदा फुग्याने आतून रुंद करतात. तो फुगा अजून दहा वर्षं लांब आहे.

सूज उतरेपर्यंत गोळ्या. मग जुलैत, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, डॉक्टर तुमच्या हातात एक पांढरी, चुण्या पडलेली नळी देतो. डेक्रॉन. अरुंद भागाला वळसा घालून ही जोडायची. ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकींनी पहिल्या नळ्या बायकोच्या शिवणयंत्रावर शिवल्या होत्या, हे तो रंगवून सांगतो. तुमचा अंगठा मात्र सवयीने कापडावर फिरतो.

“हे साच्यावरचं नाही, मोज्यासारखं गुंफलेलं आहे. गळेल.”

डॉक्टर चमकून बघतो. “गळतंच. म्हणून आधी तिच्याच रक्तात भिजवायचं. रक्त गोठून भोकं बुजतात, मग जोडायचं.”

तेरा वर्षं ताणा-बाणा बघून तुमचे डोळे गेले. कापड असंही बसवतात, हे गिरणीत कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात बसून तुम्ही दोन पाळ्यांचे भोंगे ऐकता. रात्री सिस्टर बायच्या पावलावर बोट टेकवते, थांबते आणि तिथे शाईच्या पेनाने फुली मारते. “इथे लागतेय. दर तासाला इथेच बघायची.”

गणपतीला एसटीने घरी. आरती झाल्यावर वैद्यबुवा ओटीवर बायचा डावा हात धरतात. अजून काही नाही. त्या हाताची धमनी तशीच बंद राहिली आहे.

“बुवा, हातात नाय. पायात आली.”

पण वडीलधाऱ्या माणसापुढे पाय कसा करायचा? बाय पाऊल परकराखाली ओढून घेते. फुली आता धड दिसतही नाही. बुवा चष्मा पुसतात, खाली पाटावर बसतात आणि म्हणतात, “कुठे गो?”